संगणक सुरू होताना येणारा अनोळखी एरर: फाईल शोधू नका, ती मागणारा शोधा

संगणक सुरू केला की पडद्यावर एक चौकट येते, अमुक फाईल सापडली नाही म्हणते, 'ओके' दाबलं की जाते आणि काम सुरू होतं. त्यामुळे महिनोन्‌महिने लोक नुसतं ओके दाबत राहतात. मग एक दिवस वैताग येतो आणि तीनपैकी एक गोष्ट होते. नाव दिसणारी फाईल नेटवरून उतरवून घेतली जाते, व्हिडिओ पाहून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, खोडाखोड केली जाते, नाहीतर सरळ 'फॉरमॅट मारून द्या' म्हणून मशीन दुकानात येतं. नाशकात मार्चअखेरीला हिशेबाच्या ऑफिसांमधून आणि जूनमध्ये ॲडमिशनचे फॉर्म भरणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानांमधून अशी मशीन हमखास येतात. त्यातली बरीच घरच्या घरी अर्ध्या तासात सुटण्यासारखी असतात. फक्त क्रम पाळावा लागतो.

खालची रीत विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेनूंची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी मागेपुढे होतील. आदेश देवनागरीत लिहिले असले तरी टाइप मात्र इंग्रजीतच करायचे आहेत.

## १. ओके दाबण्याआधी मेसेज पकडा

चौकट दिसली की हात आवरा. मोबाइलने पूर्ण पडद्याचा फोटो काढा, नुसत्या चौकटीचा नको. खाली उजवीकडचं घड्याळ आणि मागे काय उघडलं आहे तेही फोटोत यायला हवं.

मग चौकटीवर एकदा क्लिक करून कंट्रोल आणि सी दाबा. विंडोजच्या साध्या मेसेज-चौकटीतला सगळा मजकूर शीर्षकासकट कॉपी होतो आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करता येतो. ही सोय फार थोड्यांना माहीत असते. फाईलचं नाव फोटोवरून पाहून लिहिताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पुढचा सगळा शोध वाया जातो, म्हणून हे करायचंच.

कागदावर चार गोष्टी लिहा:

- चौकटीच्या वरच्या पट्टीवरचं नाव. मजकुरापेक्षा हे जास्त कामाचं असतं.
- फाईलचं नाव आणि तिचा पूर्ण पत्ता, म्हणजे कोणत्या ड्राइव्हच्या कोणत्या फोल्डरमधली फाईल ते.
- मेसेज नेमका कधी येतो: कंपनीचा लोगो दिसण्याआधी, विंडोजचं गोल चक्र फिरताना, की पासवर्ड टाकल्यावर.
- मेसेज पहिल्यांदा आला त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय झालं: नवा प्रिंटर, अँटिव्हायरसचं स्कॅन, कोणाचा पेनड्राइव्ह, विंडोज अपडेट, की मध्येच गेलेली वीज.

चौथ्या प्रश्नाला बहुतेक जण 'काहीच केलं नाही' असं उत्तर देतात. ऑफिसात चार माणसं एकच मशीन वापरत असतील तर चौघांना वेगवेगळं विचारा.

सावधान: मेसेजमध्ये फोन नंबर असेल, 'तुमचा संगणक लॉक झाला आहे, ताबडतोब कॉल करा' असं असेल किंवा भोंगा वाजत असेल, तर तो एरर नाही, फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. हे बहुधा ब्राउझरचं पान असतं आणि ब्राउझर आपोआप उघडत असल्यामुळे सुरुवातीलाच समोर येतं. एस्केप थोडा वेळ दाबून धरा. पान पूर्ण पडद्यावरून हटलं नाही तर टास्क मॅनेजरमधून (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून उघडतो) ब्राउझर बंद करा. नंबर लावून झाला असेल आणि समोरच्याने मशीनचा ताबा किंवा पैसे घेतले असतील, तर मशीनचं नेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

## २. हात लावण्यापूर्वीची तयारी

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर सगळ्यात जास्त पस्तावतात.

पहिलं काम डेटाचं. मशीन आत्ता चालू होतंय ना? मग डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर आणि व्हॉट्सॲपवरून उतरवलेली कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर त्यातल्या दोन-चार फाईल तिथूनच उघडून पाहा.

दुसरं काम बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाचं. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बरेचदा आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींसह सुरू होणारं विंडोज) जाताना किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डची स्वतःची सेटिंग) बदल केल्यावर मशीन अचानक ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटा गेल्यातच जमा. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधा. ते चालू दिसलं तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ही की कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉप घेताना दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर खातं उघडून दिलं असेल तर रिकव्हरी की त्या ईमेलच्या खात्यात असते. ती आजच मागून घ्या.

तिसरं काम रीस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजची सेटिंग मागे नेता येईल अशी खूण. स्टार्टच्या शोधपट्टीत 'क्रिएट अ रीस्टोअर पॉइंट' टाका, सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन 'ऑन' आहे का पाहा, नसेल तर चालू करा आणि पॉइंट तयार करा. दोन मिनिटांचं काम आहे.

डेस्कटॉप असेल तर यूपीएसला जोडा, लॅपटॉप चार्जरला लावा. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी वारा सुटला की वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि दुरुस्ती अर्ध्यात असताना ती जाऊ नये.

तपासा: बॅकअप उघडून पाहिला? रिकव्हरी की लिहून घेतली? ॲडमिन खात्याचा पासवर्ड आठवतो? पिन नव्हे, पासवर्ड. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

## ३. मेसेज कोणत्या टप्प्यावरचा आहे ते ठरवा

संगणक सुरू होताना आधी मदरबोर्ड स्वतःला तपासतो, मग विंडोज उभं राहतं आणि लॉगिन झाल्यावर बाकीचे प्रोग्रॅम जागे होतात. मेसेज यातल्या कोणत्या टप्प्यावर आला त्यावर पुढची वाट ठरते.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, माउस नाही, विंडोजचा मागमूस नाही: पायरी ४. निळा किंवा काळा पूर्ण पडदा आणि खाली स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव: पायरी ५. डेस्कटॉप दिसल्यावर आलेली चौकट: पायरी ६.

दुकानात येणाऱ्या तक्रारींत तिसराच प्रकार सर्वांत जास्त असतो. पण लोक त्यावर पहिल्या प्रकारचे उपाय करतात. लॉगिननंतर डीएलएलचा (प्रोग्रॅमना लागणारी जोडफाईल) मेसेज येतो म्हणून रॅम काढून पुसणारे कमी नाहीत.

## ४. विंडोजच्या आधीच आलेला मेसेज

'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. सगळ्यात आधी यूएसबीला लावलेलं सगळं काढा: पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, कार्ड रीडर. मशीन रिकाम्या पेनड्राइव्हवरून सुरू व्हायचा प्रयत्न करत असतं आणि मालक हार्डडिस्कची किंमत विचारत असतो. तरीही मेसेज राहिला तर बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतं का पाहा. बहुतेक मशीनना सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबावं लागतं. नाव दिसत असेल तर बूटचा क्रम, म्हणजे आधी कशावरून सुरू व्हायचं तो क्रम, बिघडला आहे. दिसत नसेल तर केबल सैल आहे किंवा डिस्क गेली आहे. नेटवर्क केबल तपासायला सांगणारा पीएक्सईचा मेसेजही याच जातीचा. डिस्क सापडली नाही म्हणून मशीन नेटवर्कवरून सुरू व्हायला बघतं. राउटरशी खेळत बसू नका.

सीमॉस किंवा तारीख-वेळेबद्दलचा मेसेज, 'एफ१ दाबा' अशा सूचनेसह. मदरबोर्डवरची सीआर२०३२ नावाची तीन व्होल्टची बटणासारखी बॅटरी संपली आहे. एफ१ दाबून काम चालतं, म्हणून लोक वर्षभर एफ१ दाबतात. पण तारीख मागे गेली की ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणू लागतो, बँकेची आणि जीएसटीची पानं उघडत नाहीत, आणि दोष इंटरनेटवाल्याला दिला जातो. डेस्कटॉपची ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. लॅपटॉपची बरेचदा वायरने जोडलेली असते, ती जाणकाराकडूनच बदला.

सावधान: बॅटरी काढण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो घ्या. बॅटरी निघाली की सेटिंग मूळपदावर जातात. त्यात डिस्क जोडण्याचा मोड 'एएचसीआय'वरून 'रेड'वर किंवा उलट गेला, अथवा 'यूईएफआय' आणि 'लेगसी' या सुरू होण्याच्या नव्या-जुन्या पद्धतींची अदलाबदल झाली, तर धडधाकट विंडोजही सुरू होत नाही. 'बॅटरी बदलली आणि विंडोज उडालं' या तक्रारीत विंडोज उडालेलं नसतं. फोटोतली सेटिंग परत केली की मशीन चालू लागतं.

'स्मार्ट' (डिस्क स्वतःची तब्येत तपासते ती सोय) शब्द असलेला इशारा, 'बॅकअप अँड रिप्लेस'. इथे दुसरं काहीही करायचं नाही. डिस्क मरणपंथाला लागली आहे. डेटा उतरवा, डिस्क बदला. आधी चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-तपासणी, चालवू नका. पूर्ण तपासणीत डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचली जाते आणि आजारी डिस्क त्यातच जीव सोडते.

'सीपीयू फॅन एरर'. मशीन बंद करून पंख्यातली धूळ काढा, वायर बसली आहे का पाहा. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधल्या मशीनमध्ये धुळीबरोबर तेलकट थरही बसतो, तिथे नुसता ब्लोअर पुरत नाही. पंखा फिरत नसताना हा मेसेज एफ१ने ओलांडून काम करत राहू नका.

मेसेज नाही, नुसते बीप वाजतात? मग वीज पूर्ण तोडून रॅम काढून पुन्हा नीट बसवा. पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेल्या मशीनमध्ये हे फार होतं.

## ५. निळा किंवा काळा पडदा

स्टॉप कोड फोटोत घ्या, कारण पडदा थोड्याच वेळात जातो. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा निळ्याऐवजी काळा दिसू लागला आहे. रंग बदलला, अर्थ तोच.

एकदाच आला आणि मशीन नीट सुरू झालं तर तारीख लिहून ठेवा आणि कामाला लागा. दर वेळी येत असेल तर क्रम असा: नुकतं जोडलेलं उपकरण काढा, मग रिकव्हरीच्या पडद्यावर जा. तिथे जायला सुरू होणारं मशीन पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की 'ऑटोमॅटिक रिपेअर' येतं. ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. त्यात पहिल्यांदा स्टार्टअप रिपेअर, नंतर अनइन्स्टॉल अपडेट्स, नंतर सिस्टिम रीस्टोअर. 'रीसेट धिस पीसी' सगळ्यात शेवटी, आणि डेटा बाहेर काढल्याशिवाय मुळीच नाही.

वीज गेल्यानंतर 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' असं आलं तर ते पूर्ण होऊ द्या. टक्केवारी तासभर हलली नाही तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेपर्यंत थांबा.

## ६. लॉगिननंतरची चौकट

इथे गोंधळ होतो तो एका समजुतीमुळे. मेसेज म्हणतो 'अमुक फाईल सापडली नाही', म्हणून लोक फाईल आणायला धावतात. खरं तर विंडोजच्या यादीत कुठेतरी 'सुरू होताना ही फाईल चालव' अशी नोंद राहून गेलेली असते आणि फाईल मात्र केव्हाच गेलेली असते. भाडेकरू घर सोडून गेला तरी त्याच्या नावाची पत्रं येत राहावीत, तसं. फाईल गेली ती बहुतेक वेळा अँटिव्हायरसने काढली म्हणून, आणि योग्य कारणासाठी काढली म्हणून. ती पुन्हा आणणं म्हणजे काढलेलं संकट पैसे देऊन परत घरात घेणं.

सावधान: डीएलएल फाईल एकेकट्या देणाऱ्या साइटवरून काहीही उतरवू नका. विनाअपवाद.

### वरच्या पट्टीवर काय लिहिलं आहे?

'रनडीएलएल': 'स्पेसिफाइड मॉड्यूल सापडलं नाही' असा मजकूर. फाईल ॲपडेटा फोल्डरमधली आणि नाव अर्थहीन अक्षरांचं असेल तर ती जवळजवळ नक्की कुठल्यातरी घातक किंवा फुकट्या प्रोग्रॅमची उरलेली नोंद. नाव प्रिंटर, स्कॅनर किंवा ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचं असेल तर अर्धवट काढलेल्या सॉफ्टवेअरची.

'विंडोज स्क्रिप्ट होस्ट': व्हीबीएस किंवा जेएस फाईल सापडत नाही. हा पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या शॉर्टकट व्हायरसचा ठसा आहे. कॉलेज रोडच्या झेरॉक्स दुकानात प्रिंट काढायला नेलेला पेनड्राइव्ह घरी येतो, फोल्डरचे शॉर्टकट झालेले असतात, एकावर क्लिक होतं. पुढे अँटिव्हायरस स्क्रिप्ट काढतो, नोंद तशीच राहते.

प्रोग्रॅमचं नाव आणि 'सिस्टिम एरर': हा अपवाद. फाईलचं नाव व्हीसीरनटाइम१४० किंवा एमएसव्हीसीपी१४० असेल तर ती खरोखर हवी असते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल हे पॅकेज टाका. ६४ बिटचं मशीन असलं तरी ६४ बिट आणि ३२ बिट दोन्ही टाका, कारण जुनी हिशेबाची आणि टायपिंगची सॉफ्टवेअर ३२ बिटचीच असतात. दुसऱ्या कुठल्या फाईलचं नाव असेल तर तो प्रोग्रॅमच काढून पुन्हा टाका.

'फाइल नेम वॉर्निंग': सी ड्राइव्हमध्ये नुसत्या 'प्रोग्रॅम' नावाची फाईल किंवा फोल्डर तयार झालेला असतो. मजकूर वाचून लोक घाबरतात. त्याचं नाव बदललं की मेसेज थांबतो. 'प्रोग्रॅम फाइल्स'ला मात्र हात लावू नका.

मेसेज नाही, नोटपॅड उघडतं आणि आत दोन-तीन अगम्य ओळी: पेनड्राइव्हवरच्या लपलेल्या फाईल परत दिसाव्यात म्हणून कोणीतरी ॲट्रिब आदेश चालवला आणि तो चुकून सी ड्राइव्हवर चालला. त्यामुळे स्टार्टअप फोल्डरमधली डेस्कटॉप डॉट आयएनआय उघडी पडली. तिथून ती डिलीट करा, काही बिघडत नाही.

'तात्पुरत्या प्रोफाइलने साइन इन केलं आहे': डेस्कटॉप कोरा दिसतो आणि सगळं गेलं असं वाटतं. बहुधा गेलेलं नसतं, सी ड्राइव्हवरच्या युजर्स फोल्डरमध्ये जुन्या नावाने असतं. या अवस्थेत कामाला बसू नका. इथे सेव्ह केलेलं साइन आउट केल्यावर पुसलं जातं. मशीन एक-दोनदा रीस्टार्ट करून पाहा. फरक पडला नाही तर जुन्या फोल्डरमधला डेटा बाहेर काढून मगच दुरुस्तीकडे वळा.

### चौकट उघडी असतानाच तिचा मालक शोधा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसेसमध्ये त्या चौकटीचं नाव शोधा, राइट क्लिक करून 'गो टू डिटेल्स' निवडा. डिटेल्समध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' हा कॉलम जोडा. ती प्रोसेस कोणती फाईल चालवायला निघाली होती तो पूर्ण पत्ता तिथे दिसतो. शीर्षक नसलेली, नुसता लाल फुलीचा गोळा असलेली कोरी चौकटसुद्धा अशीच सापडते. ओके दाबलं की प्रोसेस संपते आणि ही संधी जाते, म्हणून सुरुवातीलाच हात आवरायला सांगितलं.

### नोंद कुठे आहे: या क्रमाने पाहा

पहिलं ठिकाण टास्क मॅनेजरची 'स्टार्टअप ॲप्स' यादी. इथेही कमांड लाइनचा कॉलम जोडा. कोऱ्या कागदाचं चिन्ह, नाव नुसतं 'प्रोग्रॅम' आणि प्रकाशक रिकामा, अशी ओळ दिसली तर ती हमखास उरलेली नोंद. राइट क्लिक करून डिसेबल करा.

दुसरं स्टार्टअप फोल्डर. विंडोज आणि आर दाबून 'शेल, कोलन, स्टार्टअप' सलग टाका. मग 'शेल, कोलन, कॉमन स्पेस स्टार्टअप'. पहिला तुमच्या खात्याचा, दुसरा सगळ्यांचा. तुटलेला शॉर्टकट सापडला तर डेस्कटॉपवर हलवून ठेवा.

तिसरं टास्क शेड्यूलर, म्हणजे आपोआप चालायच्या ठरलेल्या कामांची यादी. लोक इथे पोचतच नाहीत. डावीकडे 'टास्क शेड्यूलर लायब्ररी'वर क्लिक करा, मधल्या यादीत 'ॲट लॉग ऑन' असा ट्रिगर असलेली कामं पाहा आणि खालच्या 'ॲक्शन्स'मध्ये ती कोणती फाईल चालवतात ते वाचा. चोरून ॲक्टिव्हेट केलेल्या विंडोजच्या मशीनवर नोंद हमखास इथेच असते. ॲक्टिव्हेटरची फाईल अँटिव्हायरसने उचललेली असते आणि ठरलेलं काम दर लॉगिनला तिला हाक मारत असतं.

या तिन्ही ठिकाणी नाही सापडली तर ऑटोरन्स. सिसइंटर्नल्सचं हे फुकट साधन मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळतं. ॲडमिन म्हणून चालवा, ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि पायरी १ मध्ये कॉपी केलेलं फाईलचं नाव फिल्टरमध्ये टाका. फाईल नसलेल्या नोंदी पिवळ्या दिसतात. तुमची ओळ सापडली की समोरची खूण काढा.

सावधान: पिवळं दिसलं म्हणून सगळं काढायचं नाही. चांगल्या चालणाऱ्या मशीनवरही पाच-सात निरुपद्रवी पिवळ्या ओळी असतात. ज्या नावाचा मेसेज येतो तेवढीच ओळ. आणि खूण काढा, डिलीट करू नका. खूण परत लावता येते. 'विनलॉगऑन'खाली शेल आणि युजरइनिट अशा दोन नोंदी असतात. त्या चुकीच्या पद्धतीने काढल्या तर लॉगिन होताच मशीन लॉगआउट होतं आणि आत शिरता येत नाही. त्यांत संशयास्पद काही जोडलेलं दिसलं तर तिथे थांबा आणि जाणकाराला दाखवा.

तपासा: एका वेळी एकच बदल, मग 'रीस्टार्ट'. 'शट डाउन' करून परत चालू करू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवला जातो, त्यामुळे बदल पूर्ण लागू झाला की नाही याची खात्री राहत नाही. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

## ७. मेसेज थांबला, तरी व्हायरस तपासा

नोंद एखाद्या घातक फाईलची होती असं दिसलं असेल तर हे टाळू नका. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, तिथे 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन'. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच स्कॅन करतं. साधारण पाव तास लागतो. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर त्याचं पूर्ण स्कॅन करा. मग घरातले, ऑफिसातले सगळे पेनड्राइव्ह एकेक करून तपासा, नाहीतर आठवड्याने तीच चौकट परत हजर.

## ८. कोणीच सापडत नसेल तर अर्धे-अर्धे करा

मेसेज येतोय पण नाव कुठल्याच यादीत नाही, असं क्वचित होतं. मग 'एमएसकॉन्फिग' उघडा. सर्व्हिसेसमध्ये (पडद्यामागे चालणाऱ्या सेवा) आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर खूण करा, मग 'डिसेबल ऑल'. स्टार्टअप ॲप्सही बंद करून रीस्टार्ट करा.

मेसेज गेला? मग अर्ध्या सेवा चालू करा आणि रीस्टार्ट करा. आला तर दोषी या अर्ध्यात, नाही तर उरलेल्यात. पुन्हा त्या अर्ध्याचे अर्धे. सोळा सेवा असतील तर चार रीस्टार्टमध्ये एक नाव हातात येतं. एकेक करत बसलात तर संध्याकाळ होईल. सेवांमध्ये नाही निघाला तर स्टार्टअप ॲप्सना हीच रीत लावा.

इथे दोन चुका नेहमीच्या. मायक्रोसॉफ्टच्या सेवा न लपवताच सगळं बंद केलं जातं आणि पिननेही लॉगिन होईना, अशी वेळ येते. दुसरी, बूट टॅबमध्ये 'सेफ बूट'वर खूण करून ठेवली जाते. ती काढेपर्यंत मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच सुरू होतं, आणि पासवर्ड आठवत नसेल तर बाहेर यायची वाट बंद. सेफ मोड हवाच असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ दाबा. पुढच्या वेळी मशीन आपोआप नेहमीसारखं सुरू होतं.

दोषी सापडल्यावर बाकी सगळं पुन्हा चालू करायला विसरू नका. अँटिव्हायरस, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटरची सेवा बंद राहिली तर दुसऱ्या दिवशी नवी तक्रार.

## ९. विंडोजच्याच फाईलवर संशय असेल तेव्हाच

मेसेजमधली फाईल विंडोज फोल्डरच्या सिस्टिम३२ मधली असेल आणि ती खरोखर विंडोजचीच असेल, तरच इकडे या. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधी 'डिझम' (डी-आय-एस-एम), स्पेस, 'स्लॅश ऑनलाइन', स्पेस, 'स्लॅश क्लीनअप-इमेज', स्पेस, 'स्लॅश रीस्टोअरहेल्थ'. ते पूर्ण झाल्यावर 'एसएफसी', स्पेस, 'स्लॅश स्कॅननाऊ'. लोक उलट करतात. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाईल उचलतं तो साठाच डिझम दुरुस्त करतं, म्हणून डिझम आधी. त्याला इंटरनेट लागतं आणि टक्केवारी मध्येच बराच वेळ अडते. खिडकी बंद करू नका.

अनाथ नोंदीच्या मेसेजवर हे दोन्ही आदेश दहा वेळा चालवले तरी काही होत नाही. विंडोजच्या दृष्टीने तिथे काही बिघडलेलंच नसतं.

## १०. दुकानात न्यायची वेळ आली तर

डिस्क बायोसमध्ये दिसत नाही, स्मार्टचा इशारा आहे, निळा पडदा रिकव्हरीतूनही हटत नाही, किंवा रिकव्हरी की सापडत नाही: घरी आणखी प्रयोग नकोत.

नेताना पायरी १ चा कागद, फोटो आणि केलेल्या बदलांची यादी बरोबर द्या. 'चालू होताना काहीतरी येतं' एवढंच सांगितलं तर समोरचा सोपा मार्ग घेतो, आणि सोपा मार्ग म्हणजे फॉरमॅट. मशीन ठेवण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही, काढलेली जुनी डिस्क परत द्यायची, आणि विंडोज टाकावंच लागलं तर लायसन्सचं टाकायचं. स्वस्तात टाकलेल्या विंडोजबरोबर ॲक्टिव्हेटर येतो आणि काही आठवड्यांनी तुम्ही पुन्हा पायरी ६ वर असता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे नव्याने टाकायचंच असेल तर मशीन विंडोज ११ पेलतं का ते आधी विचारा. डिजिटल सहीचं टोकन आणि बँकेच्या पासवर्डांची वही मात्र मशीनबरोबर देऊ नका.

मशीन परत घेताना दुकानातच दोनदा रीस्टार्ट करून पाहा आणि बॅकअपमधली एक फाईल मूळ जागी उघडते का ते बघून मगच पैसे द्या.